बेलापूरची मोडलेली फ्रेम

नगरच्या स्टँडवर एस.टी.च्या टपावरून माझी सायकल उतरवताना हमालाने विचारलं, "बाई, ही कोन चालवतंय?"

"मीच."

त्याने एकदा माझ्या उंचीकडे पाहिलं, एकदा सीटकडे पाहिलं आणि खऱ्या काळजीने विचारलं, "मग उतरताना कोन धरतंय?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी नाशिकला मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका आहे. पायांत जोर भरपूर, पण लांबी देताना देवाने हात आखडता घेतला. बाजारातली प्रत्येक सायकल माझ्यापेक्षा उंच माणसासाठी केलेली असते. लेडीज सायकल मंडईपर्यंत ठीक आहे; लांबच्या रस्त्यावर ती म्हशीसारखी डुलते. मला माझ्या मापाची फ्रेम हवी होती आणि त्यासाठीच एकाहत्तर सालच्या संक्रांतीनंतर चार दिवसांची रजा टाकून मी नगर गाठलं होतं.

आमच्या नाशिकच्या सायकलवेड्या मंडळींत फ्रेम कोणाची चांगली यावरून सख्ख्या मित्रांत अबोला होतो. एक जण विलायती बिल्ल्याशिवाय सायकलला सायकल म्हणत नाही. दुसऱ्याचा भरवसा पंजाबातल्या कारखान्यांवर. का, तर त्याच्या मेव्हण्याने तसल्या सायकलवरून गव्हाचं पोतं आणि सासूबाई एकाच खेपेत नेल्या होत्या. फ्रेम बांधणारा माणूस दोघांपैकी एकानेही पाहिलेला नाही. शेवटी आमचा पंक्चरवाला कंटाळून म्हणाला, "अंगाच्या मापाची पाहिजे ना? मग भिंगारला हमीदचाचांकडे जा. सध्या बांधतात की नाही, ते मात्र विचारून घ्या."

भिंगार नगरला अगदी चिकटून. छावणीचे सरळ, झाडलेले रस्ते संपले की जुना बाजार लागतो आणि रस्ते एकदम आपल्या मनासारखे वाकडे होतात. चाचांचं दुकान तांबटाच्या दुकानाशेजारी होतं. पूर्वी ते लष्करी वर्कशॉपमध्ये पितळेने नळ्या झाळायचं काम करत. पांढरी दाढी, कोपरापर्यंत काळे हात. भिंतीवर एकच फ्रेम टांगलेली होती, तीही धुळीने माखलेली. मी तिला टिचकी मारली, तर पितळी वाटीसारखी स्वच्छ वाजली. मी तिथेच हरखले.

"चाचा, मला अशी फ्रेम हवी. माझ्या मापाची."

"फ्रेम बंद केली," ते मान वर न करता म्हणाले. "पंक्चर हाय, ओव्हरऑइल (सायकल पूर्ण खोलून साफ करणं) हाय. काय करायचं ते सांगा."

मी सहजासहजी उठणारी बाई नाही. शाळेत मुलींना मैदानावर आणायची सवय असल्यामुळे चिकाटी अंगात मुरली आहे. चहा आला, दुसरा चहा आला, तेव्हा कुठे चाचा बोलले.

"बेलापूरच्या बापूसाठी बांधली हुती. लई मन लावून. दोन वर्सांमागं शर्यतीत मोडली. तोंडावर पडला म्हन्तेत, दात गेले म्हन्तेत. तवापासून कुनी फ्रेम मागायला येत न्हाई, आन् आलं तरी माझा हात धजत न्हाई."

"तुम्ही पाहिली का ती मोडलेली?"

"न्हाई."

"अहो, बेलापूर काय लंकेत आहे?"

चाचांनी हातातलं चाक खाली ठेवलं. मग म्हणाले, "गेलो आन् माझाच सांधा सुटलेला दिसला तर? आता निदान वाटतं, असंल दुसरं कायतरी. बघितल्यावर त्येबी उरायचं न्हाई."

मला त्यांची फार दया आली आणि रागही आला. चांगला कारागीर ऐकीव गोष्टीवर हात बांधून बसला होता. मी म्हटलं, "मी जाऊन बघते."

"बघा," ते म्हणाले. "सांधा सुटला असंल तर तसंच सांगा. ग्वाड करून सांगू नका." मग भिंतीवरची फ्रेम उतरवून त्यांनी उलटी धरली. पायडलचा आस बसतो त्या जाड नळीच्या खालच्या अंगाला हरभऱ्याएवढा पितळेचा ठिपका होता. "ही माजी खूण. नाव घालत न्हाई मी. त्याच्या फ्रेमलाबी हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. रस्त्याबद्दल लिहायचं तर उत्तरेकडून थंड वारा थेट तोंडावर येत होता, आणि विळदचा घाट दिसायला किरकोळ असला तरी माझ्या उंच सायकलवर त्याने माझा चांगला समाचार घेतला. घाटाच्या टपरीवर थांबले. चहावाला गप्पिष्ट होता. मी फ्रेमचा विषय काढायचा अवकाश.

"भिंगारची फ्रेम? अवो बाई, पार दोन तुकडं झालं हुतं. मधूनच!"

"तुम्ही पाहिलं?"

"मी कशाला बघतोय? पर समद्यांना म्हाईत हाय."

पुढे उतार लागला आणि मी मनसोक्त सुटले. राहुरीच्या अलीकडे कृषी विद्यापीठाच्या नव्या इमारतींचं काम चालू होतं. मुळेच्या पुलापलीकडे उसाच्या गाड्यांची रांग लागली होती, हवेत मळीचा आंबूस वास होता. राहुरीच्या खाणावळीत बाजरीची भाकरी आणि शेंगोळी (कुळथाच्या पिठाची रस्स्यात शिजवलेली वळकटी) खाल्ली. इतकी झणझणीत की डोळ्यांतून पाणी आलं आणि मी आणखी मागितली. तिथे फ्रेमचे तीन तुकडे झाले होते आणि बापूचा पाय प्लॅस्टरमध्ये गेला होता. देवळालीजवळ एका शेतात हुरड्याला बोलावलं, न जाऊन कसं चालेल? तिथल्या म्हाताऱ्याने कोवळे दाणे माझ्या ओंजळीत ओतत सांगितलं, की बापूची फ्रेम काचेसारखी फुटली आणि ती बांधणारा तोंड लपवून हैदराबादला पळून गेला.

"काल तर त्यांनी मला चहा पाजला," मी म्हटलं.

"मग दुसरा कोनतरी असंल," म्हातारा शांतपणे म्हणाला आणि त्याने दाण्यांवर शेंगदाण्याची चटणी वाढली.

बेलापूरला ऊन कलताना पोचले. प्रवरेच्या काठचं मोठं, खातंपितं गाव. बापूसाहेब (हे त्याचं पाळण्यातलं नाव, या जिल्ह्यात अंगडं-टोपडं घातलेलेही साहेब असतात) गावाच्या कडेला मळ्यात राहत होता. तिशीतला धिप्पाड गडी. तो हसला, तर बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर! मी इकडचं तिकडचं न बोलता मोडलेली फ्रेम दाखवायला सांगितली. हसू लगेच मावळलं.

"ती व्हय? भंगारात घातली."

"आणि आता कोणती चालवता?"

त्याने ओसरीतली हिरवी सायकल दाखवली. समोर चकचकीत विलायती बिल्ला. "ही बघा. दूध घालतो, ऊस आनतो, काय म्हनत न्हाई. हिला बघून गावात चौघांनी ह्याच कंपनीच्या घेतल्या. पर त्यांच्या अशा पळत न्हाईत."

त्याची बायको हिराबाई, बोलकी, गोल चेहऱ्याची. तिने मला परत जाऊच दिलं नाही. रात्री मासवडी केली. नावावरून मी जरा बिचकले, पण तीत मासा नसतोच. बेसनाच्या पोटात तीळ-खोबऱ्याचं सारण. मी पोटभर जेवले, पण चाचांना काय सांगायचं या विचाराने मन हलकं नव्हतं. भंगारात गेलेल्या सांध्याची साक्ष कोण देणार?

सकाळी नदी पाहावीशी वाटली. माझ्या सायकलचं चाक पंक्चर होऊन बसलं होतं, म्हणून हिराबाईने सीट खाली करून हिरवीच मला दिली. "जावा घेऊन, त्ये धारा काढत्यात." दांडी मला जड जाईल असं वाटलं होतं. पण काय सांगू, पायडलवर पाय ठेवला आणि सायकल पुढे सरकली ती जणू माझी वाट बघत होती. इतक्या वर्षांत असा आनंद मला कुठल्या सायकलने दिला नव्हता. मनात म्हटलं, विलायती ते विलायती, चाचा, तुमचं काही खरं नाही. नदीच्या वाटेवर बाभळीचा काटा घुसला. सायकल उलटी करून मी टायर चाचपू लागले आणि नजर गेली ती पायडलच्या आसाखाली. हिरवा रंग खरवडून गेला होता. तिथे हरभऱ्याएवढा पितळेचा ठिपका होता.

मी सायकल ढकलत परत आले. रागाने माझे कान गरम झाले होते. अंगणात बापू दुधाची किटली धूत होता. मी सायकल त्याच्यासमोर उलटी उभी केली. त्याने ठिपका पाहिला, मग किटलीत पाहिलं.

हिराबाई मात्र खळखळून हसली. "सांगा आता! का मी सांगू? अवो बाई, फ्रेम कशाची मोडतीय! शर्यतीच्या सकाळी ताकद यावी म्हनून ह्ये गुऱ्हाळावर गेले. ऊन ऊन काकवी (उसाचा घट्ट पाक) प्याले, वरून तांब्याभर रस. समद्यांच्या म्होरं हुते, आन् निम्म्या वाटेत पोट गडबडलं. सायकल टाकली आन् उसात शिरले. तवर समदे गेले म्होरं."

"मग?" मी महत्प्रयासाने गंभीर राहिले.

बापू पुटपुटला, "मग काय. बैलगाडीत वाढ्याखाली (उसाचे हिरवे शेंडे) सायकल झाकून घरी आनली. दारात समदा गाव. उसात बसलो हुतो म्हनून सांगू? बोलून गेलो, फ्रेमनं दगा दिला. येवढंच. दात न् पाय लोकांनी लावलं. मग हिला चालवाय पायजे, म्हनून रंग दिला, बिल्ला लावला."

"आणि तिकडे चाचांनी काम सोडलं, ते?"

त्याने हातातली किटली खाली ठेवली. "सोडलं? फ्रेम बांधायची सोडली? आईशप्पत, मला ठावं न्हाई, बाई."

त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याचा चेहराच ते सांगत होता. माझा राग तिथेच निम्मा उतरला. मी म्हटलं, "मग चला. वाटेत जिथे जिथे फ्रेम मोडली आहे, तिथे तिथे जोडत जाऊ."

हिराबाईने शिदोरी बांधेपर्यंत बापूने दोन्ही पंक्चर काढली आणि आम्ही निघालो, मी माझ्या सायकलवर, तो हिरवीवर. आता वारा पाठीशी होता. देवळालीच्या म्हाताऱ्याने उलट्या सायकलवरचा ठिपका नीट पाहिला आणि म्हणाला, "हैदराबादवाला परत आला म्हनायचा." राहुरीच्या खाणावळीत बापूला उसाची कथा सांगावी लागली. लोक इतके हसले की मालकाने आमच्याकडून जेवणाचे पैसे घेतले नाहीत. बापू आधी लाल झाला, मग हळूहळू रंगात आला, आणि विळदच्या टपरीपर्यंत तर तो उसात शिरायची नक्कलही करून दाखवू लागला. तिथेच त्याने चहावाल्याचा पेचकस घेऊन बिल्ला उखडला आणि नाल्यात भिरकावला.

भिंगारला चाचा दुकानाच्या फळीवर बसले होते. मला पाहून उभे राहिले, मग माझ्यामागे बापूला पाहून फळीला धरलं. मी सांगितलं, "सांधा सुटला नाही, चाचा. एकही नाही. ही बघा तुमची फ्रेम."

त्यांनी सायकल उलटी केली, ठिपक्यावर अंगठा ठेवला. मग एकेका सांध्यावरून अंगठा फिरवत गेले, मागून पुढे, अगदी सावकाश. बापू खाली मान घालून सगळं सांगत होता. काकवी, ऊस, बैलगाडी. चाचांचा अंगठा हँडलखालच्या नळीवर आला आणि थांबला. बिल्ल्याच्या रिबिटांची दोन भोकं तिथे उघडी पडली होती.

"पोट बिघडलं, कबूल," चाचा म्हणाले. "खोटं बोल्लास, त्येबी जाऊ दे. पन नालायका, माझ्या फ्रेमला भोकं पाडलीस?"

आणि दोन वर्षांनी त्यांनी झाळायची भट्टी पेटवली. दोन्ही भोकं पितळेने भरली, कानशीने घासून सपाट केली. समोर दोन पिवळे ठिपके चमकू लागले. बापू डोळे पुसत होता. मी धुराला दोष देऊन माझेही पुसले. मग चाचा हातात सुतळी घेऊन माझ्याकडे वळले. "बेटी, उभी ऱ्हा सरळ. आनखी सरळ. एवढीच का?"

"एवढीच," मी म्हटलं.

होळीच्या सुट्टीत फ्रेम न्यायला गेले, तर भिंतीवर चार नव्या फ्रेमा टांगलेल्या. माझी सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत देखणी. प्रत्येकीच्या समोर दोन पितळी ठिपके होते.

"हे कशाला, चाचा? भोकं तर नव्हती ना?"

"काय करू?" ते वैतागून म्हणाले, पण मिशीत हसत होते. "बापूची फ्रेम बघून येतेत लोक. म्होरं दोन ठिपके न्हाईत तर म्हन्तेत, ही भिंगारची खरी न्हाई. म्हनून उगंच भोकं पाडतो आन् उगंच भरतो."

सोबत आणलेल्या जुन्या सायकलचं बाकी सामान त्यांनी नव्या फ्रेमवर चढवून दिलं, आणि नाशिकपर्यंत मी सायकलवरच निघाले. पाय जमिनीला पुरतात ही गोष्ट किती सुखाची असते, ते उंच माणसांना कळायचं नाही. विळदचा घाट कधी आला कळलंही नाही. टपरीवर दोन ट्रकवाले बसले होते. चहावाल्याने माझ्या सायकलकडे बोट करून त्यांना सांगायला सुरुवात केली.

"ह्ये दोन ठिपके बघितले? भिंगारचं काम हाय. बेलापूरच्या बापूच्या फ्रेमवरनं उसानं भरलेली बैलगाडी गेल्ती. बैलगाडीचं चाक मोडलं, फ्रेमला काय न्हाई! इचारा ह्या बाईंना, त्यांनी डोळ्यांनी बघितलंय."

दोघेही माझ्याकडे वळले. याच टपरीवर मी बापूला खरं बोलायला लावलं होतं. मी चहाचा घोट घेतला, गंभीरपणे मान डोलावली, आणि आणखी एक चहा सांगितला.