टेलरबाईंची शेकोटी

टेलरबाईंना विस्तवाची भीती वाटायची. लहानपणी आईच्या पदराला स्टोव्हची ज्योत लागलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. आई वाचली, पण तिचे हात पुन्हा सुईत दोरा ओवण्याजोगे राहिले नाहीत. तेव्हापासून टेलरबाईंनी काडी कधी ओढली नाही. घरातला गॅस नवरा पेटवायचा, नाहीतर धाकटी नणंद. नणंद चेष्टा करायची, की वहिनीला चटक्यापेक्षा चटक्याच्या विचारानंच फोड येतो.

थंडीच्या दिवसांत दोघी नणंदेच्या स्कूटरवरून डोंगरावरच्या शाळेत गणवेश पोचवायला गेल्या. येताना न बसलेले शर्ट दुरुस्तीला घेतले. उजेड आहे तोवर घर गाठू म्हणून नणंदेनं जंगलातली जवळची वाट धरली आणि ओढा ओलांडताना स्कूटर घसरली. टेलरबाई काठावर आपटल्या, नणंद गाडीसकट पाण्यात पडली. ओढून बाहेर काढलं तेव्हा तिचा पाय घोट्याच्या वर भलतीकडेच वळला होता. एक फोन भिजला होता, दुसऱ्याला रेंज नव्हती. ऊन डोंगराआड गेलं आणि नणंदेचे दात वाजायला लागले.

टेलरबाईंनी तिचे ओले कपडे उतरवले आणि दुरुस्तीचे शर्ट एकावर एक तिच्याभोवती गुंडाळले. तरी ओठ काळेनिळे पडत चालले. तेव्हा नणंदेनं काठावर पडलेल्या आपल्या पर्सकडे बोट दाखवलं. आत लायटर होता.

"दादाला सांगू नकोस," ती म्हणाली. "पेटव, वहिनी."

"मला नाही जमायचं, ताई."

"मग मी गारठून मरते."

हे तिनं इतक्या शांतपणे म्हटलं, की टेलरबाईंनी पर्स उघडून लायटर काढला.

त्यांनी हाताला लागली ती लाकडं रचली आणि हात लांब धरून खाली पाला पेटवला. नुसता धूर झाला आणि विझला. आधी बारीक काटक्या घे, दाबून रचू नकोस, आत हवा खेळू दे, असं नणंद अडखळत सांगत होती. मग तिचं सांगणं थांबलं. थरथरही थांबली. बरं वाटतंय का, असं टेलरबाईंनी दोनदा विचारलं. नणंदेची मान एका बाजूला कलंडली.

टेलरबाईंनी दुरुस्तीसाठी बरोबर आणलेली ठिगळांची पिशवी उपडी केली. टेरिकॉट वितळून हाताला चिकटतं, म्हणून चाचपून सुती तुकडे तेवढे वेगळे काढले. भोवतालचा पाला पायानं दूर लोटला, दगड मांडले. चिंध्यांवर काटक्या उभ्या टेकवल्या आणि लायटर पेटवला. भक्कन जाळ झाला. त्या किंचाळून मागं पडल्या, दोन्ही हातांनी आपला पदर झटकत राहिल्या. पदराला काही झालं नव्हतं. जाळ मात्र बसायला लागला होता. त्या रांगत परत गेल्या आणि तोंड बाजूला वळवून एक काटकी आत सरकवली.

पुढं त्यांना दोन भीती होत्या, जाळ वाढायची आणि जाळ विझायची. ठिणगी उडाली की त्या चिंध्यांकडे बघायच्या, ज्योत खाली गेली की नणंदेकडे. काटक्यांनंतर बोटाएवढी लाकडं, मग मनगटाएवढी. बऱ्याच वेळानं नणंदेचे दात पुन्हा वाजायला लागले.

"धूर माझ्याच डोळ्यांत का येतोय?" नणंद कुरकुरली.

टेलरबाईंना रडू फुटलं.

शोधत निघालेला नवरा आणि शाळेचा शिपाई जाळ बघूनच मोठा रस्ता सोडून खाली आले. दोघांनी नणंदेला उचललं, पण टेलरबाई हलेनात. ओढ्यातून ओंजळीनं पाणी आणून त्यांनी निखारे विझवले, काठीनं राख ढवळली, पुन्हा पाणी घातलं. नवरा वरून हाका मारत होता. त्यांनी राखेवर तळहात टेकला. ऊब लागली. तशा त्या पुन्हा पाण्याकडे वळल्या.

नणंदेचा पाय जुळून आला. ती परत चालायला लागली, त्याआधीच टेलरबाईंनी तिची स्कूटर विकून टाकली होती.