गॅरेजमधलं गोणपाट

गॅरेजच्या कोब्यावर ह्यांनी राखाडी इपॉक्सी रंग लावून घेतला. रंगाला चरे पडू नयेत म्हणून त्यावर काचेसारखा क्लिअर कोट चढवला. आज पाहते तर त्या कोटवर जुनं गोणपाट अंथरलेलं! कडेला वीतभर चकाकी तेवढी दिसत होती. गाडी बाहेर उन्हात.

"अहो, हे काय?"

"टायरचे डाग पडतील गं. कोट खराब होईल."

मी कपाळावर हात मारला. रिमोट प्लास्टिकमध्ये, सोफा खोळीत, आता जमीनसुद्धा झाकायची! नुसतं जपत बसायचं, मग वापरायचं कधी?

तणतणत आत आले, चहा केला आणि माझ्या नेहमीच्या कान तुटलेल्या कपात ओतला. नवे कप कपाटात आहेत, पाहुण्यांसाठी.