रुइनोसुस भिंत

बाहेरून परीक्षा द्यायची म्हणून मी दर रविवारी एसटीने नगरला एका म्हाताऱ्या फादरांकडे इंग्रजी शिकायला जायचो आणि लॅटिनच जास्त ऐकून यायचो. त्यातला एक शब्द मात्र कामाचा निघाला: रुइनोसुस. "हा इमारतींना लावतात," फादर म्हणाले. "कोसळलेल्या घराला कवी लोक लावायचे. पण एरवी, जे उभं आहे, ज्यात माणसं राहतायत आणि जे कधीही खाली येईल, अशा घराला." मला माझी शाळाच आठवली.

पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यात मी एकटाच मास्तर. वर्गाची मागची भिंत दगडमातीची, पोट सुटलेली; भेगेत माझा हात जायचा. एक दणका पाऊस झाला की ती बसणार, हे दिसतच होतं. मुलांना मी लिंबाखाली बसवायचो आणि नव्या खोलीसाठी तालुक्याला खेटे घालायचो.

"पडकी आहे का?" कारकून विचारायचा.

"पडायला आलीय."

"मग पडू द्या की."

सरकारी मराठीत मधला शब्दच नव्हता. रोमन लोकांबद्दल मला त्या दिवसांत फार आदर वाटायचा.

अखेर ओव्हरसीअर भिंत पाहायला सोमवारी येणार असा निरोप आला. मी तो गावाला सांगितला आणि रविवारी नगरला गेलो. सोमवारी येऊन बघतो तर काय! बायांनी शेणमातीनं भिंत लिंपलेली, वर पांढरी माती, खाली गेरूचा पट्टा, दाराला आंब्याचं तोरण. साहेब येणार म्हटल्यावर गावाची अब्रू होती. हसावं की रडावं, मला कळेना.

साहेबांनी चहा घेतला, भिंतीवरून कौतुकानं हात फिरवला. "इतकी छान खोली असताना पोरं झाडाखाली? आजपासून आत बसवा."

"साहेब, आत भेगा आहेत," मी म्हणालो.

"न्हाई वं साहेब," मागून एक म्हातारा अभिमानानं म्हणाला, "येकबी ऱ्हायली न्हाई. समद्या बुजवल्या."

मुलं आत गेली. त्यांना मी दाराशी दाटीवाटीनं बसवलं आणि भिंतीकडे माझी खुर्ची ठेवली.

त्या साली पावसानं दडी मारली. सगळं गाव आभाळाकडे बघून हात जोडायचं. गावाबरोबर मीही जोडायचो. देवा, पाऊस पाड, पण रविवारी पाड.