तीन वाजून दहा मिनिटं

नाना गेला तेव्हा खोलीत मी एकटाच होतो. जळगावचं त्याचं घर, दुपारची वेळ, वहिनी स्वयंपाकघरात. मी उशाशी बसून पेपर वाचत होतो... वाचत कसला, शब्दकोडं सोडवत होतो, आणि एक चार अक्षरी शब्द काही केल्या जमेना. मान वर केली तेव्हा नानाचा श्वास थांबलेला. डॉक्टर आले, मागोमाग भटजी. दोघांनी एकच विचारलं, "वेळ काय होती?" मी म्हणालो, "तीन वाजून दहा." कुठून तोंडात आलं, देव जाणे. समोर भिंतीवर घड्याळ होतं; मी पाहिलंच नव्हतं.

आणि हे कोणाच्या बाबतीत? माझा हा चुलतभाऊ धुळ्याकडे वीज उपकेंद्रात होता. काही वर्षांपूर्वी तिथे उपग्रहांकडून वेळ घेणारी एक पेटी आली. लाइन बंद पडली की दोन्ही टोकांच्या नोंदी त्या वेळेशी ताडायच्या, म्हणजे बिघाड आधी कुठे झाला ते कळतं. तिथे सेकंदाचे हजार तुकडे मोजतात. पेटी लावली त्या दिवशी ऑपरेटर ओरडला, "नाना, हाई तं साडेपाच तास मांगे शे!"

"मांगे नही रे, विलायतना टाइम शे. तुले भूक लागनी तं खुशाल जेव."

मी एकदा भेटायला गेलो, तर तो मला गच्चीवर घेऊन गेला. उपड्या वाटीएवढा अँटेना. मी मनगट आभाळाकडे धरलं, म्हटलं बघू दे उपग्रहाला माझंही घड्याळ. नाना पोट धरून हसला. "अरे येड्या, त्याला तू दिसत नाहीस. तो नुसती वेळ सांगत राहतो. लक्ष आपण द्यायचं."

महिना होत आला. रडू आलेलं नाही. डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर तीन-दहा लिहिलं, भटजींनी त्यावरूनच पंचांग पाहिलं. काल दाखला द्यायला गेलो, आणि वहिनींना खरं सांगून टाकलं.

वहिनी दाखल्याची घडी घालत राहिल्या.

"ठाऊक आहे, भाऊजी. सव्वातीनला मी त्यांना औषध पाजलं. घड्याळ बघूनच. तुम्ही कोड्यात होता."

मी विचारलं, "बदलून आणू का?"

"नको," त्या म्हणाल्या. "कागदावर नाहीत ती पाच मिनिटं... राहू द्या माझ्याकडे."