गाठोबाची पोती

शेडमध्ये त्याला सगळे गाठोबा म्हणत. काम जुने टीव्ही सोडवायचं. बाकीचे पिक्चर ट्यूबवर हातोडा घालून मोकळे होत. हा आधी मानेशी बारीक भोक पाडून आत हवा घेणार, काच दोन भागांत सोडवणार, पडद्यामागची राखाडी, विषारी भुकटी ब्रशने झाडून वेगळ्या पिशवीत भरणार. मागच्या काचेत शिसं असतं, म्हणून तिचं पोतं निराळं. आणि प्रत्येक पोत्याला त्याची ती गाठ: दोरीचे दोन वेढे, शेपूट आत खोचलेलं. हमाली करताना हाताला बसलेली. कितीही ओढली तरी सुटायची नाही. मुकादम विचारायचा, टीव्ही फोडतोयस की बाळंतपण करतोयस?

शेड बघायला पाहुणे आले की मात्र मुकादम त्यालाच पुढे उभा करी. ही पोती काचेच्या भट्टीवर जातात, तिथे शिसं वेगळं काढतात, असं पाहुण्यांना सांगितलं जाई. गाठोबालाही तेच सांगितलेलं. न्यायचा त्याचा सख्खा धाकटा भाऊ, स्वतःच्या टेम्पोतून. मग शंका कशाची घ्यायची?

त्याच्या मुलीने शहराबाहेर, सखल जागेवर भराव टाकून दोन खोल्या बांधल्या होत्या. अंगणात पाण्याच्या पाइपसाठी चर खणायचा होता. मजूर वरवर खणतात असं गाठोबाचं म्हणणं, म्हणून सुट्टीच्या दिवशी कामाचाच सदरा चढवून तो कुदळ घेऊन गेला.

कुदळ मऊ जागी रुतली. त्याने हाताने माती सारली तर पोत्याचं तोंड वर आलं. दोन वेढे, शेपूट आत खोचलेलं. त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की गाठ अजून सुटलेली नाही.

मग त्याने बाजूला खणलं. तिथेही पोतं, त्याच्याखालीही पोतं. काही कुजून फाटलेली, आतली काच मातीत सांडलेली, मधेमधे भुकटीच्या पिशव्याही.

मुलगी ओले हात पुसत बाहेर आली. काकांनी भराव फुकट टाकून दिला, ती म्हणाली. भट्टी लांब, डिझेल परवडत नाही, शेडमध्ये सगळ्यांना माहीत आहे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही डोकं खाल्लं असतंत. गाठोबाने लहान पोरांच्या अंगात शिसं गेलं तर काय होतं ते सांगितलं. ती ऐकून घेत होती.

"कामावरून येऊन त्याच कपड्यांनी मला कडेवर घ्यायचात, बाबा," ती म्हणाली. "तेव्हा नाही आठवलं शिसं?"

तो पुन्हा खणायला लागला.

संध्याकाळी भाऊ आला तेव्हा अंगणातली पोती भिंतीशी रचून झाली होती. सगळी भट्टीवर ने, गाठोबा म्हणाला. भाऊ टेम्पोला टेकून हसला.

"दादा, तुझ्या पोत्यांनीच तर काम सोपं केलं. कशी एकावर एक बसतात! दुसऱ्या कुणाची असती तर घर खचलं असतं."

"घराखालीही हीच आहेत?"

"मग काय हवेत उभंय?"

नातीला मी माझ्याकडे घेऊन जातो, असं गाठोबा मुलीला म्हणाला. ती म्हणाली, न्या की; तुमच्या घरात तर शिसं रोज तुमच्या अंगावरून येतं, इथे निदान जमिनीत आहे.

चार वर्षांची नात भिंतीशी भातुकली मांडून बसली होती. फाटक्या पिशवीतली राखाडी भुकटी तिने ताटलीत घेतली होती, पाणी घालून मळली होती. आजोबांना बघून तिने ताटली पुढे केली.

"आजोबा, जेवा. मी जेवले."

तिच्या ओठांना राखाडी भुकटी लागली होती. गाठोबा गुडघ्यांवर बसला आणि बाहीने तिचं तोंड पुसायला लागला, घासून, कोपऱ्याकोपऱ्यातून.

मुलगी दारातून म्हणाली, "बाबा, सदरा कामाचा आहे."