फणसवाडीच्या विहिरीचा नकाशा

पाण्याखालच्या गुहा मोजायला मी शिकले ती मेक्सिकोत. परत आल्यावर जो तो एकच विचारायचा, आता मुंबईत ह्याचा उपयोग काय? मी लालबागची. पोटासाठी बंदरात जहाजांचे तळ तपासते. तिथलं पाणी इतकं गढूळ की काम सगळं हाताने चाचपत करायचं. गुहेचं पाणी मात्र काचेसारखं. आत जाताना मागे दोरी सोडत जायची, परतीची वाट म्हणजे तीच. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी असतात. वळण आलं की गाठी मोजायच्या, होकायंत्रावर दिशा बघायची, खोली बघायची आणि सगळं प्लॅस्टिकच्या पाटीवर लिहायचं. नंतर घरी बसून त्या आकड्यांतून कागदावर एक अख्खी जागा उतरते, जी कुणीच कधी एका नजरेत पाहिलेली नसते. मला वेड आहे ते त्या कागदाचं.

गेल्या हिवाळ्यात गिरगावच्या फणसवाडीतल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. बँकेतून निवृत्त झालेले, बोलणं अगदी मोजूनमापून. त्यांची जुनी इमारत पाडून नवी बांधायची होती. माती तपासायला गेटपाशी ड्रिल लावलं, तर ते खाली जाता जाता एकदम पोकळीत घसरलं आणि भोकात पाणी चढलं. ही पोकळी कुठून कुठे जाते ते कळल्याशिवाय पाया ठरवता येणार नाही, असं इंजिनिअर म्हणत होता. इमारतीच्या चौकात एक जुनी विहीर होती. तिच्यात उतरून बघाल का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले आणि फोन ठेवल्या ठेवल्या माझ्या जोडीदाराला लावला. बंदरात आम्ही एकत्र काम करतो, मेक्सिकोतही तो माझ्याबरोबर होता. मी सांगितलेलं सगळं ऐकून तो म्हणाला, "गिरगावात गुहा? काय पण सांगतेस." पण त्याच संध्याकाळी हवेचे सिलिंडर भरायला टाकून आला.

आम्ही रविवारी सकाळी गेलो. गॅलऱ्यांमध्ये माणसं उभी होती, कुणाच्या हातात चहा, कुणाच्या मोबाइल. सेक्रेटरींनी नारळ वाढवला. विहिरीवर पिंपळाच्या पानांचा थर होता. तो बाजूला सारला आणि खाली दिवा मारला, तर उजेड पार तळापर्यंत गेला. इतकं स्वच्छ पाणी मी मुंबईत कधी पाहिलं नव्हतं.

तळाच्या जरा वर घडीव दगडांची एक कमान सापडली. माणूस आडवा होऊन सहज आत जाईल एवढी. तिच्या तोंडाशी दोरी बांधली आणि मी आत शिरले, जोडीदार मागे. नियम साधा असतो: एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश यायला, उरलेली अडचणीसाठी. तळाशी मऊ गाळ होता, पाय लागला असता तर पुढचं काही दिसलं नसतं. म्हणून दोघं छताजवळून, जवळजवळ न हलता सरकत होतो. थोड्या अंतरावर बांधीव दगड संपला आणि काळा पाषाण सुरू झाला. त्यावर छिन्नीचे घाव अजून ताजे वाटावेत इतके स्पष्ट होते. कुणीतरी हा डोंगरासारखा दगड हाताने फोडून वाट काढली होती. मी पाटीवर तेही लिहून घेतलं.

मग जोडीदाराने मागून दिव्याचा झोत आडवा हलवून मला थांबवलं. वर छतात एक गोल भोक होतं, कडा नव्या, चकचकीत. इंजिनिअरचं ड्रिल! म्हणजे आम्ही बरोबर गेटच्या खाली होतो. नकाशाला वरच्या जमिनीशी जोडणारी जागा आयती मिळाली. पाण्यात ओरडता येत नाही, तरी मी नळीतून ओरडलेच.

पुढे वाट डावीकडे वळली आणि समोर हिरवट उजेड दिसला. दिवसाचा उजेड. हवा अजून पुरेशी होती. आम्ही वर आलो ते दुसऱ्याच एका विहिरीत. वर लोखंडी जाळी, जाळीतून आकाश, आणि एक बाई कपाळाला आठ्या घालून खाली बघत होत्या. त्यांचा हात भिंतीवरच्या पंपाच्या बटणावर होता.

"ताई, पंप लावू नका," मी तोंडातली नळी काढून म्हणाले. "आम्ही खाली आहोत."

त्यांनी हात मागे घेतला. "आम्ही म्हणजे कोण?"

पलीकडच्या वाडीतून, पाण्याखालून आलो, असं मी सांगितलं. त्या जाळीवर वाकून म्हणाल्या, "म्हणजे त्यांची विहीर आणि आमची एकच?"

मी हो म्हटलं. त्यांनी चहाचं विचारलं, पण जाळीला कुलूप होतं आणि किल्ली चेअरमनकडे. शिवाय आम्हाला आल्या वाटेने परत जायचं होतं, मोजमाप उलट्या बाजूने पुन्हा तपासायला. पंप बंदच ठेवायचं त्यांनी कबूल केलं.

परतीला आम्ही गाठी पुन्हा मोजल्या, दिशा पुन्हा घेतल्या. पहिल्या विहिरीत डोकं वर काढलं तर कठड्याशी त्याच बाई उभ्या. गल्लीतून वळसा घालून त्या कधीच पोचल्या होत्या आणि सगळी बातमी सांगून झाली होती. आपल्या वाडीचं पाणी गोड आणि त्यांचं मचूळ, असं सेक्रेटरी लहानपणापासून ऐकत आले होते. आता त्यांनीच त्या बाईंना बसायला खुर्ची मागवली.

नकाशा मी लालबागच्या घरी जेवणाच्या टेबलावर काढला. आई भाकऱ्या थापता थापता बघत होती. मालवणीत तिने विचारलं, "ह्या सगळा तू पाण्यात बघलंस?" मी म्हटलं, सगळं नाही, तुकड्यातुकड्याने. तिने पिठाचा हात पुसला आणि बोट न टेकवता, हवेतूनच, एका विहिरीपासून दुसऱ्या विहिरीपर्यंत सगळी वाट चालून आली.

इंजिनिअरने नकाशा बघून पायाचे खांब सरकवले. बोगद्यावर एकही येणार नाही, विहीरही राहणार. नकाशाची प्रत दोन्ही वाड्यांनी मागून घेतली. ती द्यायला पलीकडच्या वाडीत गेलो त्या दिवशी जाळीचं कुलूप काढलेलं होतं, आणि आम्ही चहा विहिरीच्या कठड्यावर बसून प्यायलो. जोडीदार मधेच वाकून पाण्यात दिवा मारत होता. उत्तरेच्या भिंतीत आणखी एक काळी फट आहे, असं त्याचं म्हणणं. मी उठून बघितलं. होती.