डोयाचा डोसा

आमच्या देवपूरच्या घरात मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. वडील कुठल्या ना कुठल्या लढ्याची पत्रकं छापून आणायचे आणि ताटं उचलली की आम्ही भावंडं घड्या घालायला बसायचो. शाई ओली असली तर बोटं काळी व्हायची. त्यामुळे एखादी गोष्ट पटली नाही की पत्रक काढायचं, हे माझ्या अंगात भिनलेलं आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता फोनाफोनांतून घरात शिरली तेव्हाही मी तेच केलं. एक पान, मथळा ‘विचारण्याआधी विचार करा’. आजारपणाचं तर यंत्राला कधीच विचारू नका, असं त्यात ठळक टाइपात होतं.

ते भडगावच्या एका वाचनालयात पोचलं आणि तिथल्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, तुम्ही रागावलात ते ठीक, पण आमच्याकडच्या निम्म्या लोकांना हे प्रकरण आहे काय हेच ठाऊक नाही. एक दुपार येऊन ओळख करून द्या, मग हवं तेवढं रागवा. मला ते पटलं.

भडगावला माझी मोठी मावशी राहते. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच जळगावला झालं होतं. मी गेले तेव्हा घरात गडबड होती. रविवारी नातीचा साखरपुडा. सून याद्या आणि फोनमध्ये बुडालेली, मुलगा मंडपवाल्याकडे. काळा चष्मा लावून अक्का ओट्यावर बसली होती. डोळा कसा आहे विचारलं तर म्हणाली, बेस शे, आणि माझ्या वाळण्यावर बोलू लागली. दुपारी वाचनालयात तीही माझ्याबरोबर आली. घरात पायात पायात येण्यापेक्षा हे बरं, म्हणाली.

सतरंजीवर बहुतेक बायका होत्या. मागे खुर्चीवर एक निवृत्त मास्तर, ज्यांना सगळे नाना म्हणत, आणि दुकान मुलावर सोपवून आलेले किराणावाले शेठ. मी सोप्यातून सुरुवात केली. फोन तुमच्या नातवंडांचे फोटो ज्याचे त्याला वेगळे लावतो ना, ते हेच. तुम्ही ‘जेवण’ लिहिलं की पुढे ‘झालं का’ सुचवतो, तेही हेच. एक बाई म्हणाल्या की त्यांच्या फोनने जुळ्या नातींना एकच मुलगी ठरवलंय. बाजूला बसलेली म्हणाली, त्यात काय, तू पण तर चुकतेस.

मग बोलणारं यंत्र दाखवलं. सांगितलं, यानं जगभरचं लिखाण वाचलंय आणि कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द शोभतो ते याला नेमकं साधतं. शोभणारं आणि खरं यांत फरक आहे. म्हणून आधी याला असं काही विचारा ज्याचं उत्तर तुम्हाला येतं. नानांनी लगेच आपल्या गावाविषयी विचारलं. यंत्रानं गावाला एक किल्ला दिला, किल्ल्याला बुरूज दिले, पायथ्याशी एक तलावही दिला. नानांच्या गावात टेकाडसुद्धा नाही. ते चष्मा पुसत म्हणाले, बरं झालं, निवृत्तीनंतर बघायला जागा झाली.

सगळे हसले. अक्का तेवढी गंभीरपणे म्हणाली, “नवरदेव बोलाले गोड शे. पन गावमा इचारीसन मंगच पोर देवानी.”

सोयरीक ठरवताना आमच्याकडे पाव्हण्यांच्या गावात जाऊन चारजणांना विचारतात. माझ्या अख्ख्या पानाचा अर्थ तिनं एका वाक्यात सांगून टाकला होता. मी म्हटलं, अक्का, आता तूच काहीतरी विचार याला. ती नको नको म्हणाली, मग फोन हातात घेतला, तोंडाजवळ धरला आणि हळू बोलली.

“मना डोयाले कालपाईन धुकट दिखस. दुखस बी.”

यंत्रानं ऐकलं ते पडद्यावर उमटलं. ‘डोया’चा ‘डोसा’ झाला होता आणि ‘कालपाईन’चं ‘काल पाणी’. गोड आवाजात उत्तर आलं की कालच्या डोशाच्या पिठाला पाणी सुटून ते धुरकट दिसत असेल तर काळजी नको, नीट ढवळून घ्या, फारच पातळ झालं असेल तर थोडा रवा घाला.

सतरंजी हसून लोटपोट झाली. मीही हसले. मला तर मनातून आनंदच झाला, कारण मला हवा होता तो पुरावा समोर होता. जगभरचं वाचलं म्हणतंय आणि आमच्या गिरणाकाठची बोली याच्या गावीही नाही. तावातावानं बोलायला मी तोंड उघडणार, इतक्यात पुढे बसलेली अक्काची शेजारीण हसता हसता थांबली.

“अक्का, काब सांगं नही व माय?”

हसू एकेक करून विझलं. तेव्हा कुठे माझ्या कानांनी ऐकलेलं डोक्यात पोचलं. ऑपरेशन झालेला डोळा कालपासून धुरकट, आणि दुखतोय. घरात कुणाला न सांगितलेलं अक्कानं फोनला सांगितलं होतं. त्याच्याकडे तोंड करून बोललं तर कुणाचा चेहरा उतरत नाही.

ती लगेच सावरली. रविवार होऊ दे, सोमवारी जाऊ. आता सांगितलं तर पोरीचा साखरपुडा पुढे ढकलतील, लोक नाही नाही ते बोलतील. मी विनवलं, शेजारीण रागावली. अक्का हलेना. आम्हा सगळ्यांना तिची काळजी, तेव्हा आम्ही घाबरवणारच, असं तिचं म्हणणं. शेवटी म्हणाली, “त्याले इचारा. त्याले मना घरनं काही घेनं ना देनं. ते म्हनी तर जासू.”

आता माझी पंचाईत झाली. माझी ठळक ओळ पिशवीत होती आणि अक्काचा डोळा त्याच यंत्राच्या तोंडी, ज्यानं मघाशी सपाट गावात किल्ला बांधला होता. सोमवारी चालेल म्हणालं तर? पण दुसरी वाट नव्हती. नानांनी शाळेतल्या मराठीत, शब्द सुटे करून विचारलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा दुखू लागला आहे आणि धुरकट दिसतं, काय करावं?

ते म्हणालं, थांबू नका. आजच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तेवढ्यावर राहिले नाही. गावात विचारायचं असतं. अक्काच्या पिशवीत औषधांचा कागद होता, त्यावरच्या दवाखान्याच्या नंबरवर फोन लावला. तिथली नर्स म्हणाली, लगेच निघा. अक्का चपला शोधू लागली. शेठनी गाडी काढली. वाटेतून मी तिच्या मुलाला फोन केला. पाचोऱ्याच्या पुढे अक्कानं माझा हात धरला तो जळगावपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. डोळ्याच्या आत सूज आली होती आणि दाब वाढला होता. औषध बदलून दिलं, आणि म्हणाल्या, आज आणलंत म्हणून नुसत्या औषधानं भागेल. मागून धावत आलेला मुलगा भिंतीला टेकून खालीच बसला. आईला रागवायचं म्हणून आला होता, ते राहूनच गेलं. मग चहा मागवला, आणि आम्ही सगळेच उगाच हसत होतो.

साखरपुडा रविवारीच झाला. काळा चष्मा लावून अक्का पहिल्या रांगेत होती आणि डोशाची गोष्ट एव्हाना पाव्हण्यांपर्यंत पोचली होती.

पत्रक मी पुन्हा छापलं. राग कमी केलेला नाही. ज्याला आमची बोली कळत नाही त्यानं आम्हाला अडाणी समजू नये, हे आता त्यात जास्तच ठळक आहे. आजारपणाची ओळ मात्र बदलली. यंत्राला विचारलंत तर तेच एका माणसालाही सांगा, आणि डॉक्टरांना फोन लावा. खाली उदाहरण म्हणून डोळ्याचा प्रसंग, नाव न घालता.

पहिली प्रत घेऊन भडगावला गेले. अक्कानं चष्मा काढला, उजवा डोळा तळहातानं झाकला आणि ऑपरेशनच्या डोळ्यानं वाचायला घेतलं. बारीक अक्षराबद्दल मला ऐकवलं, शाई कमी पडनी का, विचारलं. मग बोट ठेवून ओळीमागून ओळ, न अडखळता. जिथं जिथं मी ‘डोळा’ छापलं होतं, तिथं तिथं ती ‘डोया’ वाचत होती. मी दुरुस्त केलं नाही.